पाळण्यामागची अक्षरं

बाळाचं नाव त्याच्या आत्याच्या आधी मला कळायचं. माझा धंदाच तसा होता. बारशाला पाळणा भाड्यानं द्यायचा, तो सजवायचा आणि पाळण्यामागच्या पडद्यावर बाळाच्या नावाची अक्षरं लावायची, हे काम अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांतून मी तीस-एक वर्षं केलं. रीत अशी की आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, बायका तिच्या पाठीवर थापा मारत कुर्र करतात, मग मी अक्षरांवरचं कापड ओढते आणि तेव्हा कुठे ते नाव सगळ्यांचं होतं. पण अक्षरं काही ऐनवेळी कापता येत नाहीत. म्हणून आईबाप आधीच फोन करायचे आणि नाव सांगताना आवाज खाली आणायचे. "काकू, कुणाला बोलू नका हां." मी कधी बोलले नाही. घरात नवऱ्यालासुद्धा वाचता येऊ नयेत म्हणून रंगवलेली अक्षरं पलंगाखाली वाळत घालायची.

सुरुवातीला थर्माकोल होता. नवरा कारखान्यात फिटर. त्यानं मला तार गरम होणारं कटर बनवून दिलं होतं. तार तापली की थर्माकोल खव्यासारखा कापला जायचा, त्याचा वास मात्र दिवसभर डोक्यात बसायचा. पुढे थर्माकोल बंद झाला आणि फोमची शीट आली, ती ब्लेडनं कापायची. सॅटिन, लेस, कापडी फुलं उल्हासनगरच्या बाजारातून आणायची. तिथले सिंधी दुकानदार मला नावानं नाही, 'पालनेवाली बाई' म्हणूनच ओळखायचे आणि बारशाच्या सीझनला गुलाबी लेस माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचे.

नाव म्हणजे माझ्यासाठी आधी कापायचा आकार. मध्ये दहा-बारा वर्षं अशी गेली की हाताला काही कामच नाही. रिया, दिया, कियान, विहान. तासाभरात मोकळी. काही नावांचा अर्थ मला कळत नसे, विचारलं तर आईबापांनाही सांगता येत नसे. आणि मग गेल्या काही वर्षांत वारं फिरलं. फोनवर नावं ऐकू यायला लागली ती द्वारका, रुक्मिणी, यशोदा, जानकी, केशव, रघुनाथ. ज्या नावांच्या बायका माझ्या लहानपणी चाळीच्या नळावर हंड्यावरून भांडायच्या, ती नावं आता लेसच्या पडद्यावर चमकीसकट लागायला लागली. जोडाक्षरं कापताना बोटं दुखायची, पण काम केल्यासारखं वाटायचं. विठ्ठलवाडीला एका सिंधी घरात पोराचं नाव टेकचंद ठेवलं. बाप चोवीस-पंचवीस वर्षांचा. मला म्हणाला, "आंटी, दादाजी का नाम है. घर में हम लोग 'टेक' बोलेंगे. मस्त लगता है ना?" आत खाटेवर टेकचंद आजोबांची म्हातारी विधवा बसली होती. तिला त्या इंग्रजी 'टेक'मधली गंमत कळली नव्हती. पणतवाला नवऱ्याचं नाव मिळालं एवढंच तिला कळलं होतं आणि ती दुपारभर रडत होती.

गिऱ्हाइकं म्हणायची, "काकू, जुन्या नावांत काय गोडवा असतो ना!" मी नुसतं हो म्हणायची. खरं म्हणजे आमच्या घरात जुनं नाव परत यायचा प्रश्नच नव्हता. माझ्या आजोबांचं नाव कचरू. गावानं ठेवलं आणि गावानं तसंच हाकारलं. माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला आणि आम्हा भावंडांची नावं अर्थ विचारून, निवडून ठेवली. माझं करुणा. ते म्हणायचे, हे नाव कुणी आपल्यावर टाकलेलं नाही, आपण उचललेलं आहे. त्यामुळे जुन्या नावाचं कौतुक ऐकलं की माझ्या मनात यायचं, ते कुणाच्या आठवणीतून येतंय त्यावर आहे सगळं. पण पाळणा लावायला गेलेल्या बाईनं मत द्यायचं नसतं. पुष्कळ बारशी झाली, पुष्कळ नावं विसरले. एक बारसं मात्र विसरत नाही, तेच इथे सांगते.

बदलापूरला शिरगावातून नीलेश नावाच्या मुलाचा फोन आला. कुटुंब तिथलंच, जुनं शेतकरी. जमिनीवर बिल्डिंगी उठल्या, त्यातल्याच एका बिल्डिंगीत त्यांना फ्लॅट मिळाले होते. नीलेश कुठल्याशा कंपनीत अकाउंट्सला होता. लग्न उशिरा झालेलं, पहिली मुलगी, सव्वा महिन्यानं बारसं. नाव सांगितलं, सगुणा.

"माझ्या आजीचं नाव आहे, काकू. आई दिवसभर शेतावर असायची. मला आजीनंच वाढवलं. तिच्या ताटातला पहिला घास माझा असायचा."

मागून त्याची बायको स्नेहल म्हणाली, "आणि हल्ली अशीच नावं ठेवतात ना. आमच्या सोसायटीत जानकी आहे, रमा आहे. सगुणा कोणीच नाही."

"आईला सांगितलेलं नाही," नीलेश म्हणाला. "सरप्राइज आहे. तिच्या सासूचं नाव, ती जाम खूश होईल."

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पाळणा लावायला गेले. नीलेश कामावर होता. स्नेहल आतल्या खोलीत बाळाला घेऊन झोपली होती. दार उघडलं त्याच्या आईनं. हिराबाई त्यांचं नाव. साठी ओलांडलेली, काटक बाई, हातात जुन्या घडणीच्या पाटल्या. नवरा वारलेला. मी हॉलमध्ये पाळण्याचा सांगाडा उभा केला, पडदा ताणला. अक्षरं दिवाणावर मांडून वर ओढणी टाकली होती. हिराबाई चहा घेऊन आल्या. फुलं बघू तरी म्हणत, मी नको म्हणायच्या आत त्यांनी ओढणीचं टोक उचललं.

चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. स. गु. णा. मग ओढणी होती तशी नीट पसरली आणि दिवाणाच्या कडेला बसल्या.

"कोनी काढला हा नाव?"

"तुमच्या मुलानं," मी म्हटलं. "तुम्हाला उद्या कळायचं होतं. रागावू नका त्याच्यावर."

"राग नाय गं," त्या म्हणाल्या. चहावर साय धरली. मला वाटलं, जुन्या वळणाच्या बाईला सासूचं नाव तोंडानं घेणं अवघड, तेवढंच असेल. मी म्हटलंसुद्धा, "लाडाचं दुसरं नाव ठेवा, त्या नावानं हाका मारा."

त्यांनी मान हलवली. "मना एक पोर झालती. नीलेशच्या आधी. लय आधी."

मी हातातली फुलं खाली ठेवली.

लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं, तेव्हाची गोष्ट. पहिली मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं करायचं तर सासू म्हणाली, भाताच्या आवणीचे, लावणीचे दिवस आहेत, माणसं कुठून आणायची, पाऊस सरू दे. पाऊस सरला तर म्हणाली, भात कापून होऊ दे. हिराबाईच्या आईनं माहेरून कुंची, झबलं शिवून पाठवलं होतं ते गाठोडं तसंच राहिलं. शेजारणींनी विचारलं तर सासू म्हणे, पोरगीच तर हाय, होईल सावकाश. भात कापणीतच मुलीला ताप भरला. दोन दिवसांत गेली.

"नावच नव्हता तिला," हिराबाई म्हणाल्या. "बाय बोलायची मी. सगल्याच पोरींना बाय बोलतात. ती गेली तवा मी रडायला बसले, तर हाक काय मारू? बाकीच्या बाया नाव घेऊन रडतात. मी नुसतीच ओरडले."

मुलीला शेताच्या बांधाला पुरलं. त्या घरात पुन्हा तिचा विषय निघाला नाही. पुढे बरीच वर्षं मूल नाही. मग नवसानं नीलेश झाला तेव्हा त्याच सासूनं गाव जेवू घातलं. त्याच्यामागून उज्ज्वला झाली, तिचंही बारसं रीतसर झालं.

"मुलांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"कशाला? नीलेशवर लय जीव व्हता सासूचा. खोटा नाय सांगत, लय जीव. मंग त्याचा तो आनंद मी कशाला काढून घेऊ?"

इतकी वर्षं मी नावं ऐकत आले होते, म्हणून असेल, तोंडातून तेच निघालं. "तुमच्या मनात काय होतं? काय ठेवणार होतात?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू हे त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नव्हतं.

"दवाखान्यात एक नर्स व्हती," त्या म्हणाल्या. "पांढरी साडी, टापटीप. पोर उचलून माझ्या हातात दिली आनि बोलली, घाबरू नको, मी हाय. अलका तिचा नाव. मना तेच ठेवायचा व्हता. अलका."

अलका. एके काळी किती नवं, किती शिकलेलं नाव ते. आता ना नवं, ना कौतुक करावं इतकं जुनं. अलीकडच्या कितीतरी वर्षांत हे नाव मी कापलं नव्हतं. सगुणा परत आली. अलकाला यायला अजून वेळ आहे, आणि तोवर तिची वाट बघणारं कोणी उरेल असं नाही.

तेवढ्यात आतल्या दाराशी हालचाल झाली. स्नेहल बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. डोळे भरलेले. ती येऊन सासूच्या शेजारी बसली.

"आई, नाव बदलू या. काकू, उद्यापर्यंत दुसरी अक्षरं होतील ना?"

"होतील," मी म्हटलं.

"नको," हिराबाई म्हणाल्या. आवाज एकदम घट्ट झाला. "तुमच्या पोरीचा नाव तुमी ठेवलाय, ठेवा. सासू वाईट व्हती असा मी कोनालाच नाय बोलली, तुमाला पन नाय बोलनार." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मना फक्त तीन अक्षरां कापून आन. माझ्या पोरीची."

त्या संध्याकाळी स्नेहलनं नीलेशला सगळं सांगितलं. हे तिनंच मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, कुजबुजत, स्वयंपाकघरात. नीलेश जेवला नाही. बाल्कनीत बसून राहिला. नंतर आईला विचारलं, कुठे पुरलं तिला? हिराबाईंनी बाल्कनीतून खाली बोट दाखवलं. तिथे आता बिल्डिंगीच्या गाड्या उभ्या राहतात.

"माझी आजी अशी होती?" त्यानं विचारलं.

"अशी पन व्हती," आई म्हणाली, "आनि तुझी आजी पन व्हती. दोनी खरा."

त्यानंही नाव बदलायचं म्हणून बघितलं. आईनं ऐकलं नाही.

बारशाच्या दिवशी पाहुणे यायच्या पुष्कळ आधी मी पोचले. पिशवीत तीन अक्षरं होती. पांढरी ठेवली होती, चमकी लावली नव्हती. कल्याणहून उज्ज्वला आली होती, तिच्याही कानावर सगळं गेलेलं दिसत होतं. ती आईच्या आसपासच घुटमळत होती. मी पडद्यावर अक्षरं लावली. अ. ल. का. हिराबाई समोर उभं राहून वाचत होत्या. मग पुढे झाल्या आणि त्यांनी पाळण्याची दोरी हातात धरली.

पाळणा रिकामा होता. रिकामा पाळणा हलवू नये, घरातल्या बाळाला बाधतं, असं आपल्याकडे मानतात. माझा विश्वास आहे की नाही ते सोडा. पण कुठल्याही घरात पाहुण्यांच्या मुलांनी रिकाम्या पाळण्याला हात लावला की आईचा चेहरा कसा होतो ते मी बघितलेलं आहे. स्नेहलचा तसाच झाला. तिनं बाळाला जवळ ओढलं.

हिराबाईंनी ते पाहिलं आणि दोरी लगेच सोडली. "नको," म्हणाल्या. "तुझ्या पोरीचा पाळना हाय. मी विसरले."

उज्ज्वला भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, झालं, आता अक्षरं उतरवून ठेवावीत. आणि मी हात वर केलाही होता.

स्नेहलनं बाळ उज्ज्वलाकडे दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. आली ती दोन्ही हातांत वरवंटा घेऊन. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला न्हाऊ घालून, तेल लावून, बाळासारखं नटवून, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणत बायका तो पाळण्याच्या खालून वरून एकमेकींच्या हाती देतात. पाटा-वरवंटा आता कुणी वापरत नाही, पण बारशासाठी म्हणून घराघरांत वरवंटा तेवढा राहिलेला असतो. हिराबाईंच्याकडचा शेतावरच्या जुन्या घरातला होता, मधोमध झिजलेला.

स्नेहलनं तो कोमट पाण्यानं धुतला, पुसला, तेलाचं बोट लावलं. आपल्या मुलीचं धुतलेलं झबलं त्याला गुंडाळलं, कुंची घातली. आणि सासूच्या मांडीवर ठेवला.

"आता पाळणा रिकामा नाही, आई," ती म्हणाली.

हिराबाई त्या दगडाकडे बघत राहिल्या. मग बाई जसं लहान मूल सावरते तसा एक हात मानेखाली आणि एक हात खाली घालून त्यांनी तो उचलला आणि पाळण्यात ठेवला. दगडाला कान कुठला असणार? पण त्यांना जागा ठाऊक असल्यासारख्या त्या वाकल्या, कुंचीची कड बाजूला केली आणि हलकेच नाव सांगितलं. आम्हाला ओठ हलताना दिसले तेवढंच. उज्ज्वलानं त्यांच्या पाठीवर हात ठेवून थाप दिली, स्नेहलनं दिली, मीही दिली. कुर्र म्हणायची रीत आहे, पण आवाज कुणाचाच नीट फुटला नाही. गाणंही कुणी म्हटलं नाही. हिराबाईंनी पाळणा हलवला. वेळ किती गेला ते मी बघितलं नाही.

नीलेश दारात उभा होता. बारशाच्या बायकांत पुरुष येत नाहीत. तो आला. जन्मभर थोरला म्हणून वाढलेला मुलगा. पाळण्याच्या काठाला हात लावला आणि "ताई" एवढंच म्हणाला. मग तोंड फिरवून बाल्कनीत निघून गेला.

मी तीन अक्षरं उतरवली. हिराबाईंनी ती मागून घेतली आणि आपल्या कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली. मी पडद्यावर सगुणाची अक्षरं लावली, वर कापड सोडलं. मग पाहुणे आले, बेंजोवाला आला, सोसायटीतल्या बायका आल्या, गावातल्या म्हाताऱ्या नऊवारी नेसून आल्या, घर भरलं.

रीतीप्रमाणे सगळं पार पडलं. उज्ज्वला बाळाच्या कानाशी वाकली, या वेळी कुर्र दणकून झालं, मी कापड ओढलं. सगुणा. सोसायटीतल्या पोरींनी मोबाइल वर धरले, "किती गोड नाव, किती ओल्ड स्कूल" वगैरे म्हणाल्या. हिराबाई पाळण्याशेजारी खुर्चीवर होत्या, दोरी त्यांच्या हातात. चेहरा थकलेला, पण बारशाच्या घरातल्या आजीचा असतो तसा मोकळा.

पुढच्या ओळीत त्यांची थोरली जाऊ बसली होती. ऐंशीच्या पुढची, ऐकू कमी. तिनं मोठ्यानं विचारलं, "नाव कोनी ठेवला गो?"

उज्ज्वलानं आईकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "आम्ही दोघी आत्यांनी ठेवलं."

"दोघी?" जाऊ म्हणाली. "तू एकलीच ना आत्या. दुसरी कंची?"

बेंजो नेमका थांबला होता. बायकांची बोलणी थांबली. स्नेहलनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, उज्ज्वला काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. पण उत्तर हिराबाईंनी दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हाय ना. थोरली माझी. अलका तिचा नाव."

जाऊ त्यांच्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्या माणसाला आठवायला वेळ लागतो, तसा लागला. मग ती काठी टेकत उठली, गर्दीतून वाट काढत पाळण्यापाशी आली आणि तिनं हिराबाईंचा चेहरा आपल्या दोन्ही हातांत धरला.

"भात कापनीत गेली ती," ती म्हणाली. "मीच न्हाऊ घालायची गो तिला. नाक तुझा व्हता तिला, हिरे. अस्सा नाक."